राजनंदिनी गोठ्याच्या दारानं आली

परमुलखातून आलेल्या माणसानं उंबऱ्याबाहेर थांबायचं असतं, एवढंसुद्धा माझ्या नातीला, राजनंदिनीला, कळू नये? मी घरात जिवंत आहे. भाकरतुकडा ओवाळून टाकला असता, पायावर पाणी घातलं असतं. पण बाप-लेक अंधारात गाडीतून उतरले ते थेट गोठ्यातून आत. म्हशीसुद्धा बिचकल्या. मला पोरगी दिसली ती सकाळी चुलीपुढं, तोंड वाळलेलं.

ती शिकायला परदेशी जाताना मात्र तिच्या बापानं, माझ्या अजिनाथानं, काष्टीच्या चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर पोरीपेक्षा पुढाऱ्यांचीच तोंडं मोठी.

आल्यापासून ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. बॅग उघडली नाही, जेवणाचं नाव नाही. शेवटी मी दारातच बसकण मारली.

"चोरी केलीस का?"

"नाही, आज्जी."

"मग हाकललं कशापायी?"

मग सांगितलं. तिच्या कॉलेजात फरशा पुसायला दुसऱ्या देशांतून बायका आणलेल्या. आणणाऱ्या ठेकेदारानं त्यांचे पासपोर्ट काढून ठेवले. ताप असला तरी काम, घरी जातो म्हणायची सोय नाही. ही त्यांच्यासोबत फाटकात धरणं धरून बसली. त्यांना भाषा येईना, म्हणून माईकवर हीच बोलली. कॉलेजनं नाव काढलं, सरकारनं व्हिसा रद्द केला आणि विमानात बसवून दिलं.

"म्हंजी मुकादम तिकडं बी हायेतच की," मी म्हणाले. आमच्या उसाला दरसाल टोळी येते, मुकादम काय चीज असते ते मला सांगायला नको. पोरगी आल्यापासून पहिल्यांदा हसल्यासारखी झाली.

तोच अजिनाथ मोबाईल नाचवत आला. कॉलेजचा निरोप होता. त्या बायकांनी खोटं सांगून मला भरीला घातलं, अशी माफी आज संध्याकाळपर्यंत लिहून दे, मग परत घ्यायचं बघू.

"लिही की! शेवटचं वरीस हाय. दोन वळींनी काय झिजतंय तुजं?"

"पप्पा, मी तसं लिहिलं तर त्या खोट्या ठरतील. त्यांनाच काढून टाकतील."

"त्या कोन लागत्यात तुज्या?"

पोरगी मोबाईलवर लिहायची, पुसायची. मला एका जागी बसवेना. तांदूळ निवडायला घेतले, ते तसेच सुपात राहिले.

तेवढ्यात शेजारची लंकाबाई आली. झाकलेली दुरडी माझ्यापुढं सरकवली आणि तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. दुरडीत पिठलं-भाकरी. मयताच्या घरी नेतात तशी.

माझं डोकंच फिरलं. "लंके, कोन मेलंय माज्या घरात?"

"तसं न्हाई, बनुबाई. एवढं शिकल्याल्या पोरीचं आसं झालं... चूल पेटली नसंल म्हनून..."

"धूर दिसंना व्हय तुला? डोळं तपासून घे आधी!"

राजनंदिनी दारात येऊन उभी राहिली. त्या भाकरीकडं बघत राहिली.

"मी मेले नाही, लंकाकाकू," ती म्हणाली. मग मोबाईल बापाच्या हातात ठेवला. "पप्पा, मी नाही लिहिणार."

अजिनाथनं मोबाईल खिशात घातला. ओरडेल असं वाटलं, पण "मग संपलं म्हन शिक्षान," एवढंच बोलला. पोरीचे डोळे भरले, पण मान हलली नाही.

मी तिचा दंड धरला. "बॅग घे."

गोठ्यातून तिला बाहेर काढली आणि घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आणली. वस्तीवरची माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. बघू देत. बॅगेला विमानाची कागदी पट्टी अजून चिकटलेली होती. लंकाबाईच्याच भाकरीचा तुकडा मोडला, ओवाळून लांब फेकला, तसा कोंबड्यांनी गलका केला. तांब्या तिच्या पायावर रिकामा केला. पाय गार पडले होते पोरीचे.

"ऐक," मी सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हणाले, "परमुलखात बोललीस ते बरूबर केलंस. गोठ्यातनं आलीस, ते चुकलं. आता ये घरात."