मक्याचं आवतन

कंधारच्या बाजारात ग्यानोबाच्या मिशीला मान होता, आणि तो मान ग्यानोबाला जरा जास्तच ठाऊक होता. बोलायच्या आधी तो मिशीला पीळ देई, बोलून झाल्यावर पुन्हा देई. अशी मिशी त्यानं भर हाटेलात पैजेला लावली, तेव्हा याचं डोकं फिरलं असंच त्याच्या बायकोला, पंचशीलाला वाटलं.

कारण झाली पुतणी लुंबिनी. ती कृषी सहायक. "काका, मक्याला औषध मारू नका," ती म्हणाली. "सिलिकॉन द्या. पानं कडक होतेत, अळीचे दात झिजतेत. वर अळीनं कुरतडलं की मका असा वास सोडतो, की अळ्या खाणाऱ्या माश्यांना आवतनच!"

हाटेलात हे ऐकून शेजारच्या रानातला सिद्धराम खो खो हसला. "मका आवतन देतो? पत्रिका बी छापतो का?"

झालं. ग्यानोबानं मक्याच्या शेंड्याला तुरा बाहेर पडेपर्यंत फवारणी करायची नाही. अळीनं मका खाल्ला तर ग्यानोबाची मिशी जाणार, मका वाचला तर सिद्धरामची.

दुसऱ्या दिवशी ग्यानोबा हार्डवेअरच्या दुकानात हजर. "सिलिकॉन द्या."

"कुठं गळून राहिलंय?" दुकानदारानं विचारलं.

"गळत न्हाई. अळी हाय."

दुकानदार बिचारा काय समजला कोण जाणे, त्यानं खिडकीच्या काचा चिकटवायच्या नळ्या हातात ठेवल्या. लुंबिनी वेळेवर रानात पोचली म्हणून बरं, नाहीतर या माणसानं मक्याच्या शेंड्याच्या कोवळ्या पानांचा पोंगा न् पोंगा बुजवला असता. एका रोपाचा तर बुजवलाच होता! मग तिनं पिकाला द्यायचं, पाण्यात विरघळणारं सिलिकॉन आणून दिलं.

दिवस गेले. पानं खरखरीत झाली. गांधीलमाश्या येऊन अळ्या उचलून नेऊ लागल्या. सिद्धराम रोज बांधावर येई, मका बघे आणि आपल्या मिशीवरून हात फिरवत परत जाई.

तुऱ्याला एकच दिवस उरला. पण गप्प बसेल तर तो ग्यानोबा कसला! हा मका आवतनाचा वास सोडतो तरी कसला, ते त्याला स्वतः हुंगायचं होतं. त्यानं कुरतडलेल्या पोंग्यात नाक खुपसलं. आत एक गांधीलमाशी आधीच पंगतीला बसली होती.

ओठ भज्याएवढा फुगला. दवाखान्यात मलम लावायला जागाच सापडेना, म्हणून नर्सबाईंनी मिशी साफ उतरवली. ग्यानोबा ढसाढसा रडला, आणि ते काही डंखामुळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुरा आला. सिद्धराम शब्दाचा पक्का. मिशी उतरवून तो हाटेलात आला, तर समोर ग्यानोबाही सफाचट!

"आता हारलं कोन?" लोकांनी विचारलं.

ग्यानोबा ताडकन उठला. "म्या विकलो!"

"काय विकलंस? मिशी?"

"विकलो! विकलो!" सुजलेल्या ओठातून 'जिकलो' काही केल्या निघेना. त्याचे डोळे भरून आले.

सिद्धरामला दया आली. "गप बस, दोस्ता. मका जिकला. आपुन दोघं बी हारलो."

हे ऐकून ग्यानोबाचा हात सवयीनं पीळ द्यायला वर गेला आणि थेट ओठावर बसला. "आई गं!" एवढं मात्र अख्ख्या हाटेलाला स्पष्ट कळलं.