परीक्षेपुरता संकेत

वेधशाळेत एक रिवाज होता, आणि बऱ्याच सभ्य रिवाजांप्रमाणे तोही परस्परांवरच्या अविश्वासावर उभा होता. दुर्बिणीच्या नोंदींत अधूनमधून एक बनावट संकेत गुपचूप सोडला जाई. संशोधक जागे आहेत की डुलक्या काढताहेत, हे त्यावरून कळे. सोडला की नाही, हे दोघांनाच ठाऊक असे: वेधशाळेच्या प्रमुख सरांना आणि पेटीवाल्या बाईंना. बाईंचं खरं पद लांबलचक होतं. गुपितं सांभाळतात म्हणून त्या पेटीवाल्या. वार्षिक बैठकीत त्या 'पेटी उघडत', म्हणजे खरं काय ते जाहीर करत. तोवर गुपित सांगणं हा गुन्हा होता, आणि ऐकून गप्प बसणं हाही.

तिथल्या एका तरुण संशोधिकेला एक संकेत दिसला, तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच निवला. रेडिओ लहरींचा एक स्फोट, पापणी लवायच्या आत संपलेला. उंच सूर आधी पोचलेले, खालचे मागून रेंगाळत आलेले. म्हणजे फार दुरून आलेला. असे स्फोट कशातून होतात, हे अजून कोणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यात हा आला होता आकाशाच्या अशा कोपऱ्यातून, जिथे एकही दीर्घिका दिसत नव्हती. तिचा नोकरीचा करार संपत आला होता. हा संकेत खरा ठरला, तर ती इथे राहणार होती.

ती धावतच सरांच्या खोलीत गेली. सरांनीच तिला घडवलं होतं. तिच्या आईच्या आजारपणात डबेसुद्धा पोचवले होते. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं.

"अगं वेडाबाई, इतका देखणा संकेत आकाश देतं होय? आमचाच आहे तो."

"सर! हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"नको होतं. पण याच्यामागे तू ऊर फुटेस्तोवर धावशील, ते बघवणार नाही मला. सोड. आणि तोंडाला कुलूप."

तिला भरून आलं. मायेपोटी नियम मोडणारा माणूस! तिने संकेतावर 'बनावट असावा' असा शेरा मारला.

बैठकीत पेटीवाल्या बाई उठल्या. "यंदा पेटी रिकामी आहे. आम्ही काही सोडलंच नव्हतं."

मग सर उठले. पडद्यावर तोच कोपरा होता. आपल्या हक्काच्या वेळेत त्यांनी मोठी दुर्बीण तिकडेच रोखून ठेवली होती, आणि स्फोट पुन्हा झाला होता. शोधनिबंध तयार होता. लेखक एकच.

"नेमकं तिथेच कसं बघितलंत, सर?" मागून कोणीतरी विचारलं.

"म्हाताऱ्यांना झोप कमी असते हो!"

सभागृह खळखळून हसलं. ती उभी राहिली. "तो संकेत आधी मला सापडला होता. सर म्हणाले बनावट आहे, म्हणून मी सोडला."

"थट्टेत म्हणालो असेन," सर हळुवारपणे म्हणाले.

पेटीवाल्या बाई तिच्याकडे वळल्या. "म्हणजे पेटी उघडण्याआधी तुम्ही ऐकलंत? आणि कळवलं नाहीत?"

"नाही कळवलं."

"मग नियमाप्रमाणे या शोधात तुमचं नाव घेता येणार नाही."

"आणि त्यांचं?"

बाई प्रामाणिक होत्या. नियमाबाहेर त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी विचार करून उत्तर दिलं, "त्यांनी फोडलं काय? गुपित नव्हतंच."

चहाच्या सुट्टीत सर स्वतः तिच्यासाठी कप घेऊन आले. "वेडाबाई, बोलायच्या आधी मला विचारायचंस ना. सांभाळून घेतलं असतं मी."

आवाजात माया होती. दार लोटून घेतानाची, अगदी तीच. तिने ती कसून तपासली. कुठेही खोट सापडेना.