पांढरा कापूस

टक्. क्रीमच्या डबीचं झाकण उघडलं, आणि आम्ही दोघं एकमेकांसमोर सरकलो.

लग्नाला आठ वर्षं झाली, पण हा नेम मोडला नाही. बाळ निजलं की मी तेलात भिजवलेल्या कापसानं नवऱ्याचं तोंड पुसते. कारखान्यातल्या लोखंड ओतायच्या भट्टीची काजळी साबणाला दाद देत नाही. कानामागे, नाकपुड्यांच्या कडेला दडून बसते. मग क्रीम. त्यानंतर माझी पाळी. दुपटी धुऊन धुऊन चिरलेले माझे हात तो मांडीवर घेतो, एकेक बोट चोळतो. त्याचे तळवे असे खरखरीत, की मी म्हणायची, "क्रीम लावतोयस की मला किसतोयस?"

गेले पंधरा दिवस मात्र कापूस पांढराच निघत होता.

"नवे मास्क दिलेत कामावर," तो म्हणाला. असतील. पण तळवेही मऊ पडत चालले होते, त्याचं काय? रविवारी नणंदेनं चहा पिता पिता काडी टाकलीच. "वहिनी, दादा हल्ली उजळलाय हं. लक्ष असू दे!"

हसण्यावारी नेलं, पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्याचा शर्ट हुंगला. खिसे उलटे केले. बसचं एक तिकीट निघालं, कारखान्याच्या उलट्या दिशेचं. काल राहवलं नाही. "आणखी कुणी पुसतं का रे तुझं तोंड?"

तो हसला नाही.

आज कापूस काळाकुट्ट निघाला.

"बघ," तो म्हणाला, "आज दुप्पट माल ओतला. मास्क लावायलाही फुरसत नव्हती. झालं समाधान?"

जीव भांड्यात पडला. पण घडीभरच. काळं होतं ते नुसतं गालांवर. कानामागे काहीच नाही. मी कापूस नाकाशी नेला. भट्टीचा जळका वास मी झोपेतही ओळखीन. हा तो नव्हता. हा वास रोज सकाळी माझ्या बोटांना येतो, थोरलीचे शाळेचे बूट चमकवताना.

म्हणजे दुसरी कुणी नव्हतीच. कामच नव्हतं. पंधरा दिवस डबा घेऊन हा माणूस जात होता कुठे?

कापूस दुमडला, काळी बाजू आत. कानामागची स्वच्छ जागाही रोजच्यासारखी पुसली.

"बरीच बसलीय आज," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटून घेतले. मग माझे हात मांडीवर घेतले आणि चोळू लागला. त्याची बोटं कुठेच टोचत नव्हती.

थोरली अजून जागी होती. चादरीतून तिनं डोकं बाहेर काढलं.

"आई, मघाशी जिन्यातल्या बुटांच्या फळीपाशी बाबांनी माझ्या डबीतलं पॉलिश तोंडाला लावलं ना, मी दारातून बघितलं. ते रोज लावणार असतील, तर माझ्या बुटांना उरेल का गं?"