गळक्या नळाखालचं तण

सर वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि गेली नऊ वर्षं दलदलीतलं रानजायफळ रुजवण्याच्या मागे होते. दरवर्षी पाणथळ जंगलातून बिया आणायच्या, धुवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, लेबल लावून बाटलीत भरायच्या आणि सवडीने पेरायच्या. लेबलं नऊही वर्षांची टिकली. बी एकही उगवलं नाही.

अशा माणसाकडे त्यांचा साडू, धंद्याने टेलर, सकाळी सकाळी फुटक्या कपात एक रोप घेऊन आला.

“सर, ओळखा बरं. मागच्या अंगणात आपोआप आलंय.”

सरांनी पानाचा देठ मोडला. रक्तासारखा लाल चीक बोटावर आला. हे तर रानजायफळ! आणि पाठोपाठ पोटात दुखायला लागलं. गेल्या वर्षी हाच माणूस पिशवी उचलायला म्हणून जंगलात बरोबर आला होता. घरी जाऊन ती तळाच्या चिखल-बियांसकट गळक्या नळाखाली झटकली असणार! नऊ वर्षं आपली गेली, आणि रोप ह्याचं!

“तण आहे,” सर म्हणाले आणि बोट रुमालाला पुसलं.

“मग रक्त कसं येतंय?”

“तणाच्या अंगात मस्ती फार.”

“तुम्ही म्हणता म्हणजे तसंच. उद्या सगळी उपटतो. चाळीसेक आहेत.”

“चा... चाळीस?”

“आठ वाजता प्लंबरही येतोय. नळ बंद झाला की चिखलाची कटकटच मिटली.”

साडू गेला. सरांनी रोप आपल्या सर्वांत देखण्या कुंडीत, निथळत्या वाळूत, भर उन्हात लावलं.

“तणाला एवढी गादी?” बायको म्हणाली. “माझ्या बहिणीच्या नवऱ्याला शर्टाचं बटणसुद्धा लावू देत नाही तुम्ही.”

संध्याकाळी रोपाने मान टाकली. तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात उजेड पडला. ह्या झाडाला कोरडं काही सोसतच नाही. बीसुद्धा वाळवलं की मेलंच.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ते साडूच्या अंगणात धापा टाकत पोचले. साडू वाकला होता, हात पहिल्या रोपाच्या बुडाशी. प्लंबर पाना काढत होता.

“थांबा! तण नाही ते. रानजायफळ आहे. मी नऊ वर्षं...” सरांनी चाळीसही रोपांवरून नजर फिरवली. “तुम्ही रुजवलंत.”

“मला वाटलंच,” साडू कंबर धरून उठला. “तण म्हणालात, पण कप काही परत दिला नाहीत.”

“नळाचं काय करू?” प्लंबरने विचारलं.

“गळू दे!” दोघे एकदम ओरडले.

साडूने निम्मी रोपं देऊ केली. सर म्हणाले, “नको, नको, तुमची तुम्हाला लखलाभ.” मग परत निघालेल्या प्लंबरला त्यांनी कोपऱ्यावर गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“आमचा नळ असा गळका करून मिळेल?”

“मिळेल की.”

“पण त्यांच्यापेक्षा जरा जास्त.”