हलका हात

थोरलीच्या हाताची वॉर्डात ख्याती होती. सुई कधी गेली नि कधी आली हे पेशंटला कळायचंसुद्धा नाही. "त्या सिस्टरच हव्यात," म्हणून म्हातारी माणसं हटून बसायची. नव्या नर्सेसना पोटातलं इंजेक्शन तीच शिकवायची, आणि शिकवताना एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावायची: रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिलं की वर कापूस नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. चोळलंत की आत रक्त पसरतं आणि कातडी काळीनिळी पडते.

स्वभावानेही ती तशीच हलकी, असं सगळे म्हणायचे. उलट उत्तर नाही, आदळआपट नाही. वडील तिला 'आमची गाय' म्हणायचे, आणि तेही कौतुकाने नव्हे. खुब्याचं हाड मोडून ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून तर त्यांच्या जिभेला दुसरा उद्योगच उरला नव्हता. चहा पाणचट, भाजी अळणी, हिची चाल बदकाची. "बेडपॅन उचलायला शिकवतात हिला तिथे, दुसरं काय!" असं शेजाऱ्यांदेखत बोलायचे. जिच्या आधाराशिवाय कूसही बदलता येत नाही तिला असं बोलायला माणसाची जीभ कशी रेटते, देव जाणे! थोरली मुकाट ऐकून घ्यायची आणि ठरल्या वेळी त्यांच्या पोटात तेच रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन द्यायची.

मग धाकटी बहीण रजा काढून मदतीला आली. थोरलीनेच तिला इंजेक्शन द्यायला शिकवलं. एक दिवस हिचा, एक दिवस तिचा. पोटाची डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. अशी वाटणी बरेच दिवस सुरळीत चालली, आणि एका सकाळी वडिलांचं अंग पुसून धाकटी स्वयंपाकघरात आली ती चेहरा पाडूनच.

"ताई, रागावणार नसशील तर एक विचारू?"

"विचार की."

"बाबांचं पोट बघितलंस का? माझी बाजू साफ आहे. तुझी वांग्यासारखी झालीये."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पातेलं तिने ओट्यावर आपटलं. "काल सुई धरायला शिकलीस आणि आज मलाच अक्कल शिकवतेस? म्हातारी कातडी नाजूक असते, जरा धक्का लागला की निळी पडते!"

"पण दोन्ही बाजूंची कातडी त्यांचीच आहे ना?" धाकटी म्हणाली.

थोरली तणतणत ट्रे घेऊन खोलीत गेली.

"आली का गाय?" वडील म्हणाले. "जरा हळू टोच. धाकटीचा हात बघ कसा, कळतसुद्धा नाही. तू इतकी वर्षं नोकरी करून काय दिवे लावलेस?"

थोरलीने त्यांचा सदरा वर सारला. पोटाची चिमूट धरली, सुई घातली, औषध सावकाश ढकललं, सुई काढली. सगळं अगदी शिकवते तसं. मग तिने कापूस ठेवला, आणि कापसावर तिचा अंगठा फिरायला लागला. दाबून, गोल गोल. वडील कळवळले. आणि तिला बरं वाटलं.

हे बरं वाटणं तिच्या ओळखीचं होतं. या खोलीतून बाहेर पडताना ते नेहमीच तिच्यासोबत असायचं. आजवर ती त्याला सेवेचं समाधान समजत आली होती. तिने हात झटकन मागे घेतला.

दारात धाकटी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. बिचारीने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. "जाऊ दे ताई. तिकडे ड्युटी, इकडे हे सगळं. दमल्यावर कुणाचाही हात जड होतो."

"मी काय वेगळं सांगत होतो?" वडील म्हणाले. "हिचा हात मुळातच जड!"

सुटका आयती चालून आली होती. मान खाली घालून 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं आणि गाय गायच राहिली असती. पण हाताला नावं ठेवलेली तिला सहन होईना.

"माझ्या हाताला काही बोलायचं नाही!" ती अशी ओरडली की धाकटी दोन पावलं मागे सरली. "माझा हात हलकाच आहे. मी चोळत होते! चोळायचं नसतं हे जगाला शिकवते मी, आणि तुमच्या पोटावर दर वेळी चोळत होते. तुम्ही कळवळलात की मला बरं वाटतं, म्हणून!"

मुद्दाम केलं की नकळत, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पण अंगठा तिचाच होता, आणि दुसऱ्या कुणाच्या माथी तो मारता येणार नव्हता. तिचा संताप अजून उतरला नव्हता. त्यातला किती बापावर आणि किती स्वतःवर, कोण जाणे.

"गाय म्हणे! तुम्ही जिभेने करता ना, तेच मी अंगठ्याने करत होते. तुमचीच मुलगी आहे मी."

वडिलांनी सदरा खाली ओढला. धाकटी घाबरत म्हणाली, "मग यापुढे रोज मीच देते."

"तुझी रजा संपली की मग? मीच देणार. पण आता मला माहीत आहे मी कशी आहे ते."

तिची पाळी पुन्हा आली त्या सकाळी वडिलांनी न सांगता सदरा वर केला. पण सवय जाते थोडीच! तिने सुई हातात घेतली आणि ते पुटपुटले, "आज चहा होता की भांडी धुतलेलं पाणी?"

थोरलीचा हात शिवशिवला. तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून बसली.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"तुमचा राग आलाय. रागात मी सुई धरणार नाही. थांबा."

वडील सदरा वर करून, निळं पोट उघडं टाकून तसेच पडून राहिले. बोलायची सोय नव्हती, उठायची तर नव्हतीच. नाइलाजाने ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "गेला का?"

"नाही," थोरली म्हणाली. "अजून खूप आहे."