ओले चिकू

प्रितेशने उमेदीची सगळी वर्षं टेराहर्ट्झ लहरींच्या मागे घालवली. या लहरी पुठ्ठ्यातून आरपार जातात आणि पाणी आलं की अडतात. एवढ्या एका गोष्टीवर त्याने पुण्याच्या प्रयोगशाळेत यंत्र उभं केलं. चिकूचा खोका न उघडता आत फळ सडून कागद ओला झालाय का, ते हे यंत्र सांगणार होतं. २०१७च्या ऑक्टोबरात दिल्लीहून निधी देणारे साहेब ते बघायला आले. पसंत पडलं तर पुढचा निधी, नाहीतर प्रकल्पाला टाळं. चाचणी समुद्राजवळच्या आशागडला, घरच्याच चिकूच्या वाडीत होती, आणि वडील गोविंदराव शेजारच्या वाडीवाल्यांना गोळा करून ऐटीत बसले होते.

पहिला खोका ठेवला. पडद्यावर लाल. दुसरा लाल, तिसराही लाल. सकाळी भरलेली ताजी फळं, आणि यंत्र म्हणतंय सगळी सडली. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"रखमीबाई," प्रितेश एकदम म्हणाला, "चिकू ओलेच भरलेत का?"

रखमी जवळच्या सायवन गावची. फळं धुवायची, सावलीत सुकवायची आणि खोक्यात भरायची, हे काम प्रितेश शाळेत होता तेव्हापासून तिचंच. तिने भरलेला खोका बाजारात कोणी उघडूनही बघत नसे. तिने प्रितेशकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"हां भाऊ. घाईत सुकवाया राहिली. चुकी माझीच."

लोक हसले. ओल पकडली म्हणजे यंत्र चोख आहे, असं साहेब म्हणाले आणि खुशीत जेवायला गेले.

प्रितेश मागे राहिला. त्याने खोका उघडला. फळं कोरडी होती, कागद कुरकुरीत. ओल हवेत होती. प्रयोगशाळेत यंत्राभोवती कोरडी हवा सोडलेली असायची. इथे डबा उघडा राहिला तर पापड मऊ पडतात, आणि याच हवेत वाढलेल्या शास्त्रज्ञाला ते आठवलं नाही. खरं तर दुसऱ्या खोक्यालाच आठवलं होतं. म्हणून तर त्याने रखमीचं नाव घेतलं. शरमेने त्याचे कान तापले.

रखमी दारात उभी होती.

"खोटं कशाला बोललात?" त्याने विचारलं.

"एवढ्या लोकांत तुमची मान खाली गेली असती, भाऊ. माझ्या बोलण्याने काय बिघडतंय?"

तेवढ्यात गोविंदराव हात पुसत आले. "रखमे, उद्यापासून खोक्यांना हात लावायचा नाही. खाली पडलेली फळं वेच."

रखमीचा चेहरा उतरला. ती प्रितेशकडे बघत राहिली. आता तो बोलेल, असं तिला वाटत होतं.

पडवीतून साहेबांनी हाक मारली. प्रितेशने खोका बंद केला.

"जाऊ द्या, बाबा," तो म्हणाला, "होते चूक माणसाच्या हातून."