गोजराबाईचा धवला

घरात मयत झालं की शुभकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर चांगलं तीन वर्षं थांबायचं. म्हणून गोजराबाई जाऊन चार महिने होतात न होतात, तोच तिच्या लेकानं, कुंदननं, आपल्या पोरीच्या, भाविकाच्या लग्नाची तारीख धरली. उलव्याच्या त्याच्या टोलेजंग घरासमोर मांडव पडला आणि मांडवाच्या तोंडाशी नवरानवरीपेक्षाही मोठा फ्लेक्स लागला, गोजराबाईचा. त्यात फोटोवाल्यानं तिला पैठणी नेसवली होती. जन्मभर गुडघ्याशी कासोटा मारून वावरलेली बाई, मेल्यावर तिला झुळझुळीत पदर! ते बघूनच सखूचं पित्त खवळलं.

सखू ही गोजराबाईची थोरली लेक, नवरीची आत्या. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. पैठणीवरून ती भावाशी भांडली नाही, कारण खरं भांडण तिला पुढं दिसत होतं. भाविकाच्या हळदीला धवला कोण म्हणणार?

धवला हे आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं. गाणं कसलं, त्याशिवाय लग्नच नाही, असं जुनी माणसं मानायची. धवलारीण एक ओळ सांगते, बाकीच्या बायका ती झेलतात. आधी देवांना, मग पितरांना नावानं हाका मारून हळदीला बोलवायचं आणि शेवटी नवरीला तिच्या नावानं पाटावर बसवायचं. गोजराबाईनं पाटावर बसवलेल्या कितीतरी पोरी आज नातवंडं खेळवतायत. ऐन उमेदीत ती रांडाव झाली, तेव्हा गावपंचांनी निरोप धाडला की आता मांडवात उभी राहू नकोस. गोजराबाई पंचांच्याच दारात जाऊन उभी राहिली. "कुकू गेला," ती म्हणाली, "गला कुठं गेलाय?" पंचांनी निरोप मागं घेतला. तिला घालवून दुसरी धवलारीण आणायची, तर खाडीपलीकडून आणावी लागली असती आणि तिला आणण्या-पोचवण्याचा खर्च कोण करणार?

पुढं विमानतळासाठी डोंगर कापायचा ठरला, गाव उठायची वेळ आली. मोजणीवाले आले तर ही बया त्यांच्या टेपवर फतकल मारून बसली आणि लेक सासरी पाठवतानाच्या ओळी गाऊ लागली. लेक न्यायची तरी आधी विचारतात, तुम्ही डोंगर न विचारता नेता, एवढंच तिचं म्हणणं. डोंगर गेला तो गेलाच. पण त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात गोजराबाई देवांच्या आणि पितरांच्या मागोमाग त्या डोंगरालाही हळदीला बोलवायला लागली. जे उरलं नाही त्याला शुभकार्यात बोलवू नये, असं जाणती माणसं म्हणाली. मग पितरांना कशाला बोलवता, असं तिनं विचारलं. आणि पुढच्या लग्नात डोंगराला पुन्हा हाक मारली.

शेवटच्या दुखण्यात तिनं सखूचा हात धरून सांगितलं होतं, भाविकाचा धवला माझ्याच्यानं झाला नाही तर तू म्हण, माझ्या ओळी झेलत मोठी झालीस. सखूनं हातावर हात मारून शब्द दिला होता.

कुंदननं मात्र नन्नाचा पाढा लावला. नवऱ्याकडची माणसं ऐरोलीची, कंप्युटरवाली, त्यांना दोन घटका हे रडगाणं कोण ऐकवणार? दुसरं कारण तो बोलला नाही, ते भावजयीनं आडून आडून सांगितलं. हळदीच्या पाटापाशी सवाष्णी असलेल्या बऱ्या. सखूच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या आईनं विधवेच्या गळ्यानं सगळ्या गावाची लग्नं लावली, तिच्याच घरात हे ऐकायचं!

कुंदन काही वाईट माणूस नव्हता. आईवर त्याचा जीव होता. नावड्याच्या एका लग्नात आईचा धवला त्याच्या मोबाईलमध्ये भरून घेतलेला होता, तो त्यानं बहिणीपुढं धरला. "आयेचाच आवाज लावू, बाय. आनखी काय पायजे तुला?"

मोबाईल कुणाला बोलवणं करत नसतो, असं सखू म्हणाली. तो हसला. ती उठून गेली.

हळदीच्या संध्याकाळी सखू मागच्या रांगेत, विधवांच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. ऐरोलीच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. पुरुषभर उंचीच्या स्पीकरमधून गोजराबाईचा आवाज मांडवात घुमला आणि बायकांचे डोळे भरून आले. देव आले, पितर आले. "ये रं डोंगरा, हलदीला ये," गोजराबाईनं हाक मारली, तशा गावच्या बायका सवयीनं "आला रं आला" म्हणून झेलायला लागल्या. कुंदन पदराला डोळे पुसणाऱ्या पाहुण्यांकडे अभिमानानं बघत होता. भाविका पाटावर बसायला वाकली.

"ये गो राजेश्वरी, पाटावं बस," गोजराबाई म्हणाली.

भाविका वाकलेली तशीच थांबली. राजेश्वरी ही नावड्याची नवरी! कुंदननं तो धवला कधी पुढं ऐकलाच नव्हता. दोन ओळी ऐकल्या की त्याला हुंदका यायचा आणि तो बंद करायचा. ऐरोलीकरणींनी एकमेकींकडे पाहिलं. हळदीत दुसरीचं नाव, याहून वाईट अपशकुन कुठला? नवऱ्याच्या आईनं हातातली वाटी खाली ठेवली. कुंदननं बटणं दाबून पाहिली, मग सरळ वायरच उपटली.

सखू उठली आणि खुर्च्या सारत पुढं निघाली. भावजय लगबगीनं आडवी आली. "वन्सं, तुमी नको."

"सर बाजूला," सखू म्हणाली. "आयेनं शब्द घेतलाय माजा. कोनाला आवडो, नाय आवडो."

तिचा गळा आईसारखा नव्हता. पहिल्याच ओळीला तो चिरकला, पण ती थांबली नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून देवांना बोलावलं, पितरांना बोलावलं, डोंगराला बोलावलं. बायका झेलत होत्या. आता नवरीचं नाव घ्यायचं. पण सखूनं ते घेतलं नाही. फ्लेक्सवरच्या पैठणीवाल्या बाईकडे तिनं पाठ फिरवली आणि जन्मात आईला नावानं हाक न मारलेली ती लेक मोठ्यानं म्हणाली,

"ये गो गोजरे, हलदीला ये."

कुणीच झेललं नाही. जिचं वर्षही सरलं नाही, जी अजून पितरांत गेली नाही, तिला भर हळदीत बोलवायचं? जुन्या बायकांनी मान खाली घातली. न झेललेली ओळ मांडवात तशीच पडून राहिली. सखूनं तीच ओळ पुन्हा म्हटली.

हळदीच्या नवरीनं मान वर करायची नसते, आणि आपल्याच धवल्यात तोंड तर मुळीच उघडायचं नसतं. भाविकानं दोन्ही केलं.

"आली गो आली, माजी आजी आली."

मग मागची रांग उठली. साऱ्या विधवा उभ्या राहून झेलायला लागल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गावच्या सगळ्या बायका. ऐरोलीच्या दोघीतिघी ओठ हलवत होत्या. त्यांच्याही घरात कधीतरी धवला झाला असणारच. कुंदन हातात ती वायर घेऊन लहान पोरासारखा रडत होता.

"ये गो भाविका, पाटावं बस," सखूनं सांगितलं, आणि भाविका बसली.

पहिली हळद सवाष्णीनं लावायची असते. नवऱ्याच्या आईनं वाटी उचलली, क्षणभर घुटमळली आणि ती सखूपुढं धरली. सखूनं दोन्ही हात हळदीत बुडवले. वाटी पुढं आली नसती, तरी बुडवले असते.